क्लच घ्यावा की गाडी विकावी

थेल्मा अकरॉइडनं आमच्या यॉर्कशायरच्या डोंगरातल्या गावात अख्ख्या दोन पिढ्यांना पोहायला शिकवलं. निवृत्त झाली त्याच आठवड्यात तिनं एक जुनी हिरवी स्पोर्ट्स कार घेतली. दोनच माणसांची, उघड्या टपाची. धाकटी बहीण आयरिस तिच्याकडेच राहायची, पण त्या गाडीत बसायची नाही. ‘बाथटबला चाकं लावलीत,’ म्हणायची.

दहाएक वर्षांनी गाडीचा क्लच घसरायला लागला. इंजिन बोंबलायचं, गाडी मात्र जेमतेम सरकायची.

मेकॅनिक नॉर्मन म्हणाला, “बाई, नवा क्लच मिळेल, पण बसवायला सगळं इंजिन बाहेर काढावं लागतं. या वयात एवढा खटाटोप...”

“कुणाच्या वयात?”

“गाडीच्या हो!” नॉर्मन घाईघाईनं म्हणाला.

थेल्मा महिनाभर घेऊ की नको करत राहिली. शेवटी आयरिसनंच लीड्सचा एक दाताचा डॉक्टर गिऱ्हाईक म्हणून शोधला. घाटमाथ्यावर मी जो पब चालवते, तिथे त्यानं गाडी बघायला यायचं ठरलं. थेल्मानं मन बदलू नये म्हणून आयरिस पहिल्यांदाच त्या गाडीत बसली.

निम्मा घाट चढला आणि गाडी थांबली. थेल्मानं अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर नुसता आवाज आणि जळका वास.

“चला, संपलं,” आयरिस म्हणाली. “आता चालत जाऊ.”

“थांब गं. रिव्हर्समध्ये कदाचित चढेल. त्यात जोर जास्त असतो.”

“उलटं? या रस्त्यावर?”

“तू मागे बघून सांग, मी चालवते.”

थेल्मानं गाडी उतारावर घरंगळवत वळवली आणि तिची पाठ चढाकडे केली. आयरिस सीटवर गुडघे टेकून मागे तोंड करून बसली. गाडी कण्हत कण्हत मागच्या मागे चढायला लागली.

“डावीकडे! तुझ्या नाही, माझ्या डावीकडे! अगं मेंढी! थेल्मा, मेंढी! हाट्! हल ना गं बये!”

मेंढी हलेना, तेव्हा आयरिस तिच्यावर अशी काही ओरडली की थेल्माला हसू आवरेना. मग आयरिसलाही आवरेना. सायकलवाल्यांचा एक घोळका बाजूला उभा राहून टाळ्या वाजवू लागला, तर आयरिसनं राणीसारखा हात हलवला.

पबच्या अंगणात गाडी मागच्या बाजूनं शिरली. आत दोघी, केस पिंजारलेले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणाऱ्या. डॉक्टर हातातला ग्लास तसाच धरून उभा होता.

“ही... पुढे जाते ना?” त्यानं विचारलं.

“जाते की!” आयरिस म्हणाली. “पण विकायची नाहीये.”

थेल्मा तिच्याकडे बघतच राहिली. “अगं, तूच ना म्हणालीस—”

“मी काय वाट्टेल ते बोलते. क्लच मागव!”

मी त्या तिघांना चहा दिला. डॉक्टर बिचारा भला माणूस. त्यानंच क्लच कुठे चांगला मिळेल ते सांगितलं.

नॉर्मननं इंजिन काढलं त्या दिवशी दोघी बहिणी गॅरेजात खुर्च्या टाकून, सँडविचं घेऊन बसल्या. इंजिन साखळीला लटकताना आयरिस किंचाळली, “नॉर्मन, हळू रे, तिला दुखेल!”

पुढच्या रविवारी दोघी समुद्रावर गेल्या, मासे आणि चिप्स खाल्ले. आयरिसची हॅट वाऱ्यानं उडाली, तरी तिनं गाडी थांबवू दिली नाही. उन्हानं नाक भाजून लाल झालेलं, आणि ती मला सांगत होती, “सुझन, चौथ्या गिअरमध्ये काय मजा येते गं!”