उपग्रह उलटा फिरवणारी राजेश्वरी

राजेश्वरीचं आणि निमिषचं पहिल्यापासूनच विळ्या-भोपळ्याचं सख्य. ती जतकडच्या मेंढपाळाची लेक, तोंडानं फटकळ. तो सांगलीच्या विश्रामबागेतला, प्राध्यापकांच्या घरातला. तिच्या तोंडून 'न्हाई' निघालं की तो शेजारच्याकडे बघून हसायचा. तिनं त्यातलं एकही हसू माफ केलं नव्हतं.

दोघं सांगलीतल्या एका छोट्या उपग्रह कंपनीत होते. ती नोकरीला लागली तेव्हा उपग्रह वर गेलेला होता. त्यातला कॅमेरा निमिष सांभाळायचा. शिवाय एक नाजूक त्वरणमापक होता. वरची विरळ हवा उपग्रहाला किती मागं ओढते, ते तो मोजायचा. जमिनीवर तो निमिषनंच तपासला होता. आता राजेश्वरीकडे आला.

आकडे बघून तिचं डोकं फिरलं. पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला, जिथं हवा आणखीच विरळ असते, ती उपग्रहाला पुढं ढकलतेय, असं यंत्र सांगत होतं. निमिष तेवढे आकडे कापून बाकीचे गिऱ्हाइकांना पाठवत आला होता.

"समोरनं येणारी हवा कवा पुढं ढकलती व्हय?" तिनं सगळ्यांदेखत विचारलं.

"मी स्वतः तपासलंय ते."

"जमिनीवर! पृथ्वीच्या ओढीत एवढी बारीक चूक कशी दिसंल?"

"आधी मराठी नीट शीक. मग मला शिकव."

ती तडक मधुकर सरांकडे, म्हणजे कंपनीच्या प्रमुखांकडे गेली. उपग्रह थोडा वेळ उलटा, शेपूट पुढं करून चालवू, म्हणाली. हवेची ओढ उलटी दिसेल. यंत्राचा स्वतःचा दोष मात्र आहे तसाच राहील. दोन्ही आकडे ताडले की दोष वेगळा काढता येतो. तेवढा वेळ कॅमेरा बंद ठेवावा लागणार होता आणि निमिषची तासगावच्या द्राक्षबागांची छायाचित्रं बुडणार होती. तो भांड भांड भांडला. सरांनी तरीही परवानगी दिली.

उपग्रह वळला. दोष निघाला, तोही प्रत्यक्ष ओढीएवढा मोठा.

"हिनंच फिरवून बिघडवलं यंत्र," निमिष बैठकीत म्हणाला.

राजेश्वरीनं उपग्रह पुन्हा सरळ करून घेतलेले आकडे पडद्यावर लावले. ते फिरवण्याआधीच्या आकड्यांशी तंतोतंत जुळत होते. सरांनी आतापर्यंतची सगळी मोजमापं मागं घ्यायला लावली. गिऱ्हाइकांची माफी निमिषनंच मागायची, असं ठरलं.

जिन्यात त्यानं तिला गाठलं. "झालं समाधान?"

"व्हय, झालं. लय झालं."

"तुझ्यासारख्या माणसांना वर घेतलं, हीच चूक."

"मग तू उतर खाली."

पुढं त्यांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं. यंत्राचा दोष हळूहळू सरकत राहतो, म्हणून उपग्रह अधूनमधून फिरवावाच लागतो. दर वेळी निमिष लेखी हरकत घेतो आणि दर वेळी राजेश्वरी ती खोडून काढते. सरांनी एकदा दोघांना बोलावून समेट करायला सांगितलं. त्या एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत झालं: नको.