आईने निवडलेला खाडीचा गाळ

आईचा पाय मोडला तेव्हा मी कोकणातल्या एका खाडीच्या तळाचा गाळ तपासत होते. कारखान्यांच्या सांडपाण्यातलं तांबं, शिसं, जस्त त्या गाळात साचतं. तिथल्या बारीक जीवांचं त्यानं काय होतं, हा माझा अभ्यास. काम टाकता येईना, आईलाही एकटं ठेवता येईना. शेवटी नमुन्यांच्या बाटल्या घेऊन मी हिंगोलीला घरी आले.

प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून आई दिवसभर मला बघत बसायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला बी दे की एक ताट. डाळ निवडतेच की मी."

धुतलेला गाळ मी तिच्यापुढे पसरला, चिमटा आणि भिंग दिलं. खाडीच्या तोंडाजवळच्या गाळात शिंपले होते, गोगलगायी होत्या, कोळंबीसारखे इवले जीव होते. आई हरखली. कारखान्याजवळच्या गाळात मात्र दोऱ्यासारख्या किड्यांचीच गर्दी.

"हितं तर लई हायत. बरं चाललंय की यांचं."

"सगळे एकाच जातीचे आहेत, आई. बाकीच्यांना तिथं जगता आलं नाही."

तिचा हात थांबला. "मंग काहून सोडून राहिले लोक तसलं पाणी?"

मी पुढची बाटली उघडली.

थोड्या वेळानं तिनं हाक मारली. चिमट्यात तिळाएवढा शिंपला होता. कारखान्याजवळचा हाच नमुना आधी तपासून मी 'शिंपले नाहीत' असं लिहिलं होतं. मी ओशाळले. मग तिथल्या सगळ्या बाटल्या आम्ही दोघींनी पुन्हा निवडल्या. आठ दिवस लागले. दुसरा सापडला नाही.

"एकलंच होतं गं लेकरू," आई म्हणाली.

पुढच्या वर्षी मी त्याच जागी गेले. चाळणीत दोन शिंपले आले. हात चिखलानं भरलेले असतानाच मी होडीतून आईला फोन लावला.

"जिते हायत?"

"जिते आहेत."

"मंग सोड त्यांना माघारी."

नमुना प्रयोगशाळेत न्यायचा असतो, हे मी तिला सांगितलं नाही. दोन्ही शिंपले मोजले, पाण्यात सोडले आणि वहीत तसंच लिहिलं.