पांढरी फरशी

नोकरीतून मोकळी होऊन बरेच दिवस झाले, तरी कुणाच्या घरात पाऊल टाकताना माझी नजर आधी खाली जाते. लोकांना वाटतं, सिस्टरबाई म्हातारपणी लाजाळू झाल्या. लाजाळू मी जन्मात नव्हते. मी फरशी बघत असते. गुळगुळीत आहे का, चकाकते का, सांधे दिसतात का. नवं घर बांधलेला माणूस हौसेनं खोल्या दाखवत पुढे जातो आणि मी मान डोलावत मागून चालते. मनात मात्र एक म्हातारा उभा असतो. त्याचा एक पाय उंबऱ्याच्या आत आहे आणि दुसरा उचलता उचलत नाही.

माझी नोकरी घरोघरी जाण्याची होती. एक गाडी, एक ड्रायव्हर आणि मी. जी दुखणी बरी व्हायची नसतात ती माझ्या वाट्याला. कुणाला लकवा, कुणाला कंपवात, कुणाचा मणका गेलेला. जखमा धुवायच्या, नळ्या बदलायच्या, शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायचं, मेडिकलवाल्याशी भांडून वेळेत गोळ्या आणवायच्या आणि घरच्यांना शिकवायचं. गावातला एखादा शहाणा हटकून विचारायचा, बरं होणार नाही तर येता कशाला? मी म्हणायची, जेवल्यावर परत भूक लागतेच की, मग रोज जेवता कशाला?

तो म्हातारा मांजरसुंब्याजवळच्या एका गावातला. सगळी हयात ऊस तोडण्यात गेलेली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना त्याचा पाय कधी डगमगला नाही, असं गावात अजून सांगत. अशा गड्याला कंपवात झाला. हात थरथरायचे, त्याचं त्याला फारसं काही नव्हतं. खरं दुखणं पायांचं. चालता चालता पाय जागेवर खिळून जायचे. उंबरा आला की हमखास. अंगात ताकद असते, मनात जायचं असतं आणि तळवा जमीन सोडत नाही. ज्यानं हे पाहिलं नाही त्याला म्हातारा नखरे करतोय असंच वाटतं.

घरात चार माणसं. तो, कंबरेत वाकलेली त्याची म्हातारी, मुलगा आणि सून. दसरा झाला की मुलगा-सून ऊसतोडीला जायचे. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. तो तोडणार, ती मोळ्या बांधणार. त्यातलं एक जरी घरी राहिलं तर कोयता मोडला, मग मुकादम दुसऱ्यालाही नेत नाही. म्हातारीच्यानं त्याला उचलणं शक्यच नव्हतं. म्हणजे म्हातारा आपला आपण खाटेवरून उठून पडवीच्या टोकाच्या संडासापर्यंत गेला, तरच ते दोघं जाऊ शकत होते. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पहिल्याच भेटीत तो मला म्हणाला होता, "माय, दुसरं काय मागत न्हाई. सूनंला मह्यापायी घरी बसू देऊ नको."

मी त्याला मामा म्हणायची. हट्टी, तोंडाळ आणि गोळ्यांच्या बाबतीत लबाड. पण माणूस मला लई आवडायचा. आधी गोळ्यांचं बस्तान बसवलं. ह्या दुखण्यात गोळी ज्या वेळेची त्या वेळेला पोटात गेलीच पाहिजे आणि म्हातारीला घड्याळ कळत नव्हतं. मग दूधवाल्याच्या फटफटीचा हॉर्न वाजला की पहिली, शाळेची मधली सुट्टी झाली की दुसरी, आणि शेळ्या परत आल्या की तिसरी. शाळेला सुट्टी असली की शेजारीण हाक मारायची. मामाच्या चालण्याचं शूटिंग करून मी डॉक्टरांना पाठवायची. ते बघून डॉक्टर वेळा मागेपुढे करायचे, की मी म्हातारीला नवा हॉर्न शोधून द्यायची.

गोळ्यांनी अंग मोकळं झालं, पण पाय काही सुटेनात. एक दिवस मामा आतल्या खोलीत मधोमध अडकून उभा. मी हात धरणार, तोच माझं लक्ष फरशीकडं गेलं. जुनी शहाबादी, लहान-मोठ्या तुकड्यांची, मध्ये सिमेंटचे जाड पांढुरके सांधे. मला प्रशिक्षणात ऐकलेलं आठवलं, की समोर आडवी रेघ दिसली तर अशा माणसाचा पाय सुटतो. तेव्हा मला तो निव्वळ जादूटोणा वाटला होता. मी सांध्याकडं बोट दाखवलं आणि म्हटलं, "मामा, ही उसाची सरी समजा. ओलांडा."

त्यानं खाली पाहिलं आणि पाय उचलला. पुढचा सांधा, पुढचा पाय. उभा जन्म सऱ्या ओलांडण्यात गेलेले पाय ते. पडवीच्या टोकापर्यंत तो गेला, वळला आणि माझ्याकडं बघून हसला. ह्या आजारात चेहरा दगडासारखा होतो, हसू उमटत नाही. पण मी त्याला हसताना पाहिलं आहे.

फक्त एक अट घातली त्यानं. ही गोष्ट कुणाला सांगायची नाही. उंबऱ्याशी सांधा जरा पुसट होता म्हणून मी खडूनं एक रेघ मारली, तर म्हातारीला हाक मारून त्यानं ती पुसून घ्यायला लावली, पोरांनी रेघोट्या मारल्यात म्हणून. गड्याची अब्रू होती. मोळी घेऊन फळीवरून चढणारा गडी आता पोरींच्या टिक्करबिल्ल्याच्या खेळासारखा चौकोनांवरून चालतोय, असं गावानं म्हणायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलाला वाटलं, गोळ्या लागू पडल्या. म्हातारीला वाटलं, नारायणगडाला बोललेला नवस पावला. मी दोघांचंही म्हणणं खोडून काढलं नाही.

त्या दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रॅक्टर दाराशी आला तेव्हा मामा खाटेवरून आपला आपण उठला, खोली ओलांडून पडवीत आला आणि खांबाला धरून उभा राहिला. सून पाया पडली, मुलगा भांडी-कुंडी वर चढवत होता. ट्रॅक्टर वळणाआड गेल्यावर मामा मला म्हणाला, "जमलं की गं." सगळ्या नोकरीत मला एवढं समाधान फार थोड्या वेळा मिळालं. हिवाळाभर मी फोन करायची, मांजरसुंब्याच्या मेडिकलमधून जीपवाल्याच्या हाती गोळ्या जायच्या आणि म्हातारी सांगायची, फिरतंय, वरडतंय, जेवतंय.

उन्हाळ्यात मुलगा-सून परतले. मी फोन केला तर मामा माजलगावकडे लेकीच्या घरी गेल्याचं कळलं. बरं झालं, जरा हवापालट, असं मी म्हटलं. तो परत आल्यावर मी गेले, तर दाराशीच मुलानं मला अडवलं. चप्पल काढा म्हणाला आणि पाय पुसायला हातात ओलं फडकं दिलं. मी आत पाहिलं. खोलीपासून पडवीच्या टोकापर्यंत मोठमोठ्या पांढऱ्या चकचकीत फरश्या. एकीला एक इतकी चिकटून बसवलेली की सांधा शोधावा लागत होता. खिडकीतलं ऊन त्यावर पडून डोळ्यांत जात होतं.

मुलगा कधी नव्हे एवढा बोलत होता. "सिस्टर, सा म्हैने आमी फडावर पाचटाच्या कोपीत ऱ्हातो, पायाखाली नुसता चिखूल. आपल्या घरात तरी साफ पाय पडावा वाटलं. आन् अण्णांचा पाय घासतो ना, जुन्या फरशीच्या खाचंत अडकायचा. आता गुळगुळीत केलंय, कुटंच अडकणार न्हाई." लेकीकडं पाठवलं होतं तेसुद्धा अण्णांना आल्यावर एकदम दिसावं म्हणून. त्या पोराच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी रोजच्या रोज घराघरांत शोधत हिंडायची. आजारी माणसाचा एवढा विचार करणारं माणूस भेटावं म्हणून मी देवाला हात जोडायची, आणि इथं ते भेटलं होतं.

मामा खाटेवर बसून होता. मुलगा चहाचं सांगायला बाहेर गेल्यावर मी जवळ गेले. तो खालीच बघत होता.

"सऱ्या बुजल्या, माय," तो म्हणाला.

मी लगेच पिशवी उघडली. माझ्याकडं काळी चिकटपट्टी कायम असायची. पावला-पावलावर आडवी लावते, म्हटलं, आत्ता लावते, पाच मिनिटांचं काम. त्यानं माझं मनगट धरलं. हात थरथरत होता पण पकड गड्याचीच होती. पोरगं रोज संध्याकाळी स्वतः फडकं मारतंय, तो सांगत होता, लोकांना बोलावून दाखवतंय, अण्णा कसं वाटतंय म्हणून विचारतंय. आणि ह्यानं सांगितलं होतं, लई झ्याक. आता त्यावर काळ्या पट्ट्या मारल्या तर पोराच्या तोंडाकडं बघवेल का? त्यानं मला शपथ घातली. मी पट्टी परत पिशवीत टाकली.

आमच्या धंद्यात शिकवतात, रुग्णानं विश्वासानं सांगितलेलं बाहेर बोलू नये. नियमानं मी तेव्हा बरोबर होते आणि आजही कुणी नियम पुढे ठेवला तर बरोबरच ठरेन. पण नियमानं बरोबर असण्याचा मला इतका पस्तावा दुसऱ्या कुठल्या गोष्टीत झालेला नाही. सोन्याची सुरी झाली म्हणून उरात खुपसून घेत नाहीत, हे मामाला मी चांगलं खडसावून सांगायला हवं होतं. जिथं तिथं फटकन बोलणारी मी, नेमकी तिथं मऊ झाले.

बाकीचे उपाय केले. म्हातारीला शिकवलं की त्याचा पाय अडला की आपलं पाऊल त्याच्यापुढं आडवं धरायचं, म्हणजे ते ओलांडायला तो पाय उचलेल. वाकलेली ती बाई एका हातानं भिंत धरून नवऱ्यापुढं आपला पाय आडवा घालायची, आणि तो ओलांडायचा. दोघं असे खोलीभर जायचे. मुलगा हसायचा, म्हातारपणी दोघांना खेळ सुचलाय म्हणायचा. मामाही दटावायचा नाही. त्याला तेच हवं होतं.

श्रावणात एका पहाटे म्हातारी शेळीला पाला घालायला बाहेर गेलेली असताना तो एकटा उठला. पडवीच्या उंबऱ्याशी पाय खिळले, अंग पुढं गेलं. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ह्या आजारात एकदा अंथरूण धरलं की पाय चालणं विसरतात. मी आठवड्यातून दोनदा जायची, व्यायाम करून घ्यायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलायला सुनेला शिकवायची. ती सगळं शिकली. आधी सासऱ्यापुढं पदर सावरून उभी राहणारी ती, आता त्याचं सगळं करत होती आणि तो डोळे मिटून घेत होता. त्या वर्षी दसऱ्यानंतर ट्रॅक्टर त्यांच्या दारावरून गेला. थांबला नाही.

पडल्यावर शपथेला काय अर्थ उरला? ट्रॅक्टर गेला त्याच दिवशी मी मुलाला बाहेर नेलं आणि सगळं सांगितलं. सरी, सांधे, पुसलेली रेघ, सगळं. तो तडक गाडी काढून मांजरसुंब्याला गेला आणि लाल चिकटपट्टीचं भेंडोळं घेऊन आला. मग गुडघ्यांवर बसून खाटेपासून पडवीच्या टोकापर्यंत आडव्या पट्ट्या लावत सुटला. किती अंतर ठेवायचं एवढं फक्त मला विचारलं. पांढऱ्या फरशीवर लाल पट्ट्या, लांबूनसुद्धा दिसतील अशा. आता त्यांचा काही उपयोग नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. त्यालाही ते कळत असावं.

मामा पुढं संक्रांतीपर्यंत होता. शेवटी शेवटी त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता, कान तोंडाशी न्यावा लागायचा. पण पट्ट्या लावल्या त्या दिवशीचं त्याचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. मुलगा शेवटची पट्टी लावून खाटेजवळ आला आणि म्हणाला, "अण्णा, एक डाव बोलायचं व्हतं. सगळी फरशी उखडून फेकली असती मी."

मामानं मान त्याच्याकडं वळवली.

"म्हून तर बोललो न्हाई," तो म्हणाला.

मुलगा तसाच खाली बसला. खाटेपाशी एका पट्टीचं टोक उचकटलं होतं. ते तो अंगठ्यानं दाबत राहिला.