पितळी बटण

आमचे धाकटे भावजी शिंपी. मशीनच्या फळीवर एका बाजूला कापड, दुसऱ्या बाजूला उघडं पुस्तक. पुस्तक संपलं की जाड कापडाच्या लांब पट्टीवर एक बटण टाकायचं. बरं असेल तर शर्टाचं, चांगलं असेल तर कोटाचं, आणि वेळ फुकट गेला तर नुसता हुक. पितळी बटण मात्र सगळ्या पट्टीत एकच. पुस्तकाचं नाव कुठेच नाही.

मी विचारलं तर म्हणाले, "वहिनी, नाव पुस्तकावर असतंच की." बटणावर बोट ठेवलं की ते त्या पुस्तकाची गोष्ट ओळीनं सांगत सुटायचे.

एकदा हॉटेलचा दारवान कोट घेऊन आला. पुढचं बटण गळालेलं, आणि कामाची वेळ झालेली. भावजी बाजारात. माझ्या धाकट्या जावेनं पट्टीवरचं पितळी बटण कापलं आणि कोटाला लावून दिलं.

भावजी आले, पट्टी बघून मटकन बसले.

"अहो, मागून आणते त्याच्याकडून," जाऊ म्हणाली.

"बटण येईल गं. पण ते कुठल्या पुस्तकाचं होतं?"

"मला विचारता? तुमचंच ना सगळ्यात आवडतं?"

एवढं लाडकं कशाला विसरतंय, म्हणून भावजींनी त्यावर कधी बोटच ठेवलेलं नव्हतं.

बटण परत आलं, पण आठवण काही येईना. मग भावजींच्या पायाला भिंगरी. ग्रंथालयात जाऊन कपाटं बघून यायचे, दोरा न ओवताच मशीन चालवायचे. एका विजारीचे खिसे शिवून बंद केले. "गिऱ्हाईक हात घालणार कुठे?" जाऊ करवादली.

मला जेमतेम अक्षरओळख. पूर्वी ते मोठ्यानं वाचायचे आणि मी शेजारी बसून काजं करायची.

"भावजी, त्याच्या आधीचं बटण कुठलं?"

"विहिरीत पडलेल्या वकिलाचं."

"मग पुढचं दीपगृहाचं. वादळात दिवा विझतो, रखवालदाराची बायको छपरावर चढून आपली लुगडी पेटवते. वाचताना तुमचा आवाज बसला होता."

भावजी चपला न घालताच ग्रंथालयाकडे सुटले. दोन दिवस पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. मग माझ्यासमोर येऊन बसले.

"वहिनी, शर्टाचं."

"म्हणजे?"

"शर्टाच्या बटणाच्या लायकीचं. धो धो पावसात ओली लुगडी पेटतात होय?"

"तेव्हा नाही सुचलं?"

"तेव्हा माझं नवं लग्न झालं होतं."

"आणि आता?" आतून जावेचा आवाज.

भावजींनी पितळी बटण जागेवर लावलं, त्याच्याखाली शर्टाचं. मग बोट कोटाच्या बटणांवरून फिरायला लागलं. एकेका बटणापाशी थांबायचं, पुढे जायचं, परत मागे यायचं.

"यांचाही आता भरवसा नाही," म्हणाले आणि उठले.

या खेपेला चपला घातल्या. मी ती विजार ओढून घेतली आणि खिसे उसवायला बसले.