कुंपणाबाहेरून

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला ठाऊक नव्हती, आणि तो गेला. मुलीला ठाऊक नाही. देवाला वेगळं सांगायची गरज पडली नाही – घडलं तेव्हा तो समोरच होता, शेंदूर लावून. राहिलात तुम्ही. तुमची माझी ओळख नाही, ते बरंच आहे.

मी चौथी शिकलेली बाई. भिंगारला राहते, जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत. वय पंचाहत्तर. लोक मला माई म्हणतात आणि जरा बिचकून असतात. आमच्या मारुतीच्या देवळात मी वीस-बावीस वर्षं पोरांना भजनं शिकवली, दर शनिवारी संध्याकाळी. माझी पद्धत सरळ होती – मांडी घालून बसायचं, पाठ ताठ, हात गुडघ्यावर, मी म्हणेन ते मागून म्हणायचं. चुकला तो उभा. हसला तोही उभा. सुरुवातीला चाळीस पोरं असायची. मग तीस झाली, मग बारा. शेवटी पाच उरली, आणि त्यातली दोन प्रसादाच्या फुटाण्यांसाठी यायची. मला ते दिसत होतं. मला सगळं दिसतं. कुणी गोड बोललं की मी आधी त्याच्या हाताकडे बघते – माझा स्वभावच तसा.

करोनाच्या आदल्या वर्षी वैशाली आली.

वैशाली आमच्या समोरच्याच घरातली. खर्ड्याला दिली होती. नवरा अपघातात गेला, सासरच्यांनी ठेवून घेतली नाही, म्हणून आईबापाकडे परत आलेली. पस्तिशी ओलांडलेली, बालवाडीचा कोर्स केलेली. देवळाच्या कमिटीने तिला विचारलं – मला न विचारता विचारलं – की रविवारी सकाळी पोरांना भजनं शिकवशील का.

तिने काय करावं? सभामंडपाच्या फरशीवर खडूने लंगडीची घरं आखली. एकेका घराला अभंगाची एकेक ओळ. ओळ बरोबर म्हटली तर पुढच्या घरात उडी, नाहीतर मागे. रुमालपाणी खेळायची – ज्याच्या मागे रुमाल पडला त्याने पळता पळता कडवं पुरं करायचं. टाळ हळू वाजला की हळू चालायचं, जलद वाजला की धावायचं. पहिल्या रविवारी वीस पोरं. दोन महिन्यांत साठ. लष्कराच्या क्वार्टरमधली पोरं यायला लागली, ज्यांना धड मराठी येत नव्हतं. आणि खरं सांगू? त्यांना पाठ होत होतं. माझ्याकडे ज्याला सहा महिने लागायचे ते तिच्याकडे दोन रविवारांत.

मी जळत होते का? होते. पण जळतेय असं मला वाटत नव्हतं. मला वाटत होतं, यात काहीतरी आहे. नवरा जाऊन दोन वर्षं झाली नाहीत आणि ही बाई पोरांबरोबर लंगडी घालते, हसते – कशाच्या जोरावर? हिच्यामागे कोण आहे? मी माळ घेऊन खांबाआड बसायला लागले. जप कसला, पाळत.

आणि एका रविवारी ते दिसलं.

भजन संपताना पोरं मुठीवर मूठ ठेवत होती. खालून वर, मनोरा रचल्यासारखी. एका शब्दाला एक मूठ. शेवटच्या शब्दाला सगळ्या मुठी एकदम उघडायच्या आणि हात वर – फुलं उधळावीत तसे.

माझ्या हातातली माळ थांबली. कारण ते मला येत होतं.

आता हे सांगायलाच हवं. मी सात वर्षांची होते. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर मिशनचं आवार होतं, भोवती मेंदीचं कुंपण. रविवारी सकाळी आत पोरांचा वर्ग भरायचा. एक जाडशा बाई होत्या – आपल्यासारख्याच, नऊवारी नेसलेल्या – त्या देवाची गाणी शिकवायच्या. त्यांच्या देवाची. गोल फिरून, उड्या मारून, टाळ्या देऊन. तो मुठींचा मनोरा त्यांचा. मी घरी सांगायची, शेण वेचायला जाते. पाटी कुंपणाशी ठेवायची आणि मेंदीत एक भगदाड होतं, त्यातून आत. अशी मी दोन वर्षं गेले. मग वडिलांना कळलं. त्यांनी वहाणेने मारलं, आईने अंगावर गोमूत्र शिंपडलं, आणि पुन्हा कुणी त्याचं नाव काढलं नाही. मला तिथे कुणी बाटवलं नव्हतं. गाणं शिकवलं, हाताला धरून गोलात घेतलं, घरी पाठवलं. मला कुणी हाताला धरून गोलात घेतलं ते तेवढंच.

मग वैशालीच्या हातात तो मनोरा बघून मी खूश व्हायला हवं होतं – नाही का?

दुसऱ्या दिवशी मी गिरणीत दळण घेऊन गेले. चार बाया बसल्या होत्या. मी म्हटलं, "देवळात हल्ली हातवारे चाललेत. कुठले ते बघा बाई जरा." बस. नाव घेतलं नाही, धर्म काढला नाही. माझी ज्वारी दळून होईपर्यंत बाकीचं त्यांनीच जुळवलं.

"मला वाटलंच हुतं. ती कपाळाला काय लावती का बघा."

"अगं, नवरा मेलाय तिचा!"

"मेला म्हनून काय झालं, टिकली तरी लावावी मानसानं. आन् खर्ड्याच्यांनी उगंच हाकलली असंल व्हय?"

मी पिठाचा डबा उचलून घरी आले. आठ दिवसांत गल्लीत एकच विषय – वैशाली पोरं फितवते. तोपर्यंत माझा संशय खरा होता. मला खरंच वाटत होतं की ही मिशनमध्ये जात असणार. नाहीतर तो मनोरा तिच्याकडे आला कुठून?

कुठून, ते तिनेच येऊन सांगितलं.

कमिटीने रविवारी सगळ्यांना देवळात बोलावलं होतं. आदल्या बुधवारी दुपारी वैशाली माझ्या दारात उभी. हातात ताटली, शेंगदाण्याचे लाडू. मी म्हटलं, ठेव तिथं.

"माई, लोक कायबाय बोलत्यात. तुमी तेवढं सांगा ना समद्यांना. ते मुठींचं तर तुमचंच हाय."

"माझं?"

"व्हय की! सुनंदा जेवताना रडायची, तवा तुमी पडवीत तिच्यासंगं करायच्या. एका घासाला एक मूठ. मी पायरीवर उभी राहून बघायची. एकदा तुमी मलाबी जवळ बसवलं हुतं. इसरलात?"

विसरले होते. त्या घटकेपर्यंत खरंच विसरले होते. सुनंदा माझी एकुलती एक, लग्नानंतर सोळा वर्षांनी झालेली. घास गिळायची नाही. मग माझ्या हाताच्या आपोआप मुठी व्हायच्या, आणि शेवटचा घास गेला की दोघी हात उधळायचो. समोरच्यांची सहा-सात वर्षांची पोर पायरीवर उभी असायची, परकराचा काठ तोंडात धरून. तीच ही.

म्हणजे मिशनमधून ते बाहेर आणलं मी. तिने फक्त देवळात नेलं, माझं समजून.

मी तिला काय म्हणाले? "बघते." ती निघून गेली आणि माझ्या डोक्यात काय आलं सांगू? हिला सगळं कळलंय. ही मला दम द्यायला आली होती – लाडू घेऊन. मनात चार दिवस तेच. त्या लाडवांना मुंग्या लागल्या, मी हात लावला नाही.

रविवारी सभामंडप भरला. पोरंसुद्धा आली होती, त्यांना वाटलं खेळ आहे. कमिटीचे अध्यक्ष अण्णा, बाजारात त्यांचं भुसार दुकान. भला माणूस. त्यांना ते प्रकरण मिटवायचं होतं, म्हणून त्यांनी मला विचारलं, "माई, तुमी जुन्या. हे मुठींचं आपल्यातलं हाय का बाहेरचं? तुमी म्हनाल ते खरं धरू."

किती सोपं होतं बघा. माझ्या पोरीला भरवताना मीच करायचे, हिने माझ्याकडून घेतलं – एवढंच म्हणायचं होतं. कुणी वर मान करून बोललं नसतं. पण मला त्याच्या पुढचा प्रश्न ऐकू यायला लागला. आणि माई, तुम्ही कुणाकडून घेतलं?

मी म्हणाले, "मिशनमधलं आहे ते. मी लहानपणी कुंपणाबाहेरून बघितलंय."

कुंपणाबाहेरून.

वैशालीने माझ्याकडे बघितलं. तोपर्यंत तिला माझ्या मिशनचं काहीच ठाऊक नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं. दम नव्हता, काही नव्हतं, खरोखरच ते माझं म्हणून तिला आवडलं होतं. आणि आता तिला सगळं समजलं, तेही दिसलं. भरल्या देवळात एका वाक्यात ती मला उघडी पाडू शकली असती. मी वाट बघत होते. ती खाली बसली आणि ओढणीच्या टोकाने फरशीवरची लंगडीची घरं पुसायला लागली. एक पुसलं, दुसरं पुसलं. एका लहान मुलीने विचारलं, "ताई, आज खेळ न्हाई?" सगळी घरं पुसून झाल्यावर ती उठली आणि गेली.

ती गप्प का बसली, याचाही मी संशय घेतला. वर्षभर घेतला. आज सांगेल, उद्या सांगेल. तिने सांगितलं नाही. तिला एका बालवाडीत घेणार होते, तिथून 'सध्या नको' असा निरोप आला. संक्रांतीला तिच्या आईला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. माझा नवरा तेव्हा होता, माझ्याकडेही हळदीकुंकू असायचं; मीही नाही बोलावलं. मग एका सकाळी समोर टेम्पो लागला, सामान चढलं आणि ते लोक केडगावला राहायला गेले. मी खिडकीची एक फळी लावून उरलेल्या फटीतून बघत होते.

पोरं माझ्याकडे तीन शनिवार आली, आईबापांनी पाठवली म्हणून. चौथ्या शनिवारी मी एकटीच बसले होते, पाठ ताठ.

मागच्या महिन्यात सुनंदा आली होती पुण्याहून, तिच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन. ती पोरगीही आईसारखीच, घास तोंडात धरून बसते. सुनंदा म्हणाली, "आई, ते मुठींचं कर ना गं. माझ्यासाठी करायचीस ते. मला नीट आठवत नाही." पोरीला काय कळलं कोण जाणे, तिने मूठ पुढे केली.

मी म्हणाले, "मी नव्हते करत. समोरची वैशाली करायची."

"वैशाली? ती गेली ना इथून?"

"गेली," मी म्हणाले.

पोरीची मूठ तशीच पुढे होती. मी हात पदराखाली घेतले. थोडा वेळ तिने वाट बघितली, मग मूठ खाली घेतली.