सुहासचे तीन बोंबील

फिलोमिना टीचर गेल्याचं मला एका फ्लेक्सवरून कळलं. ठाकुर्लीला भाजी घेऊन येत होते, तर कोपऱ्यावर हात जोडलेले, टीचरांच्या समोरच क्लास चालवणारे जयंत सर दरवाजाएवढे, आणि त्यांच्या पायाशी टीचर, वहीवरच्या लेबलाएवढ्या. ‘आमच्या क्लासच्या ज्येष्ठ सहकारी यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ कळव्याला भावाकडे असताना त्या अचानक गेल्या होत्या आणि भावाकडे माझा नंबर नव्हता. पिशवी खाली ठेवून मी तिथंच रडले, आणि रडता रडता फ्लेक्सवरच्या माणसाला मनातल्या मनात शिव्याही घातल्या. टीचर त्याच्या सहकारी कधीच नव्हत्या. सहा आठवडे झाले... राग तसूभरही उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

ठाकुर्लीतल्या दोन खोल्यांत टीचर इंग्रजी शिकवायच्या. व्याकरण म्हटलं की आम्ही दांडी मारायचं निमित्त शोधायचो. पण नामाच्या धड्याला टीचरांनी खडू हातातच घेतला नाही. पिशवीतून सुके बोंबील आणि वाटीभर मीठ काढून टेबलावर ठेवलं. आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नसे, मी नाक दाबून बसले. “अगं वर्षा, नाक सोड नि बोंबील मोज.” मोजले, सात भरले. “आता मीठ मोज.” मी मिठात नुसतं बोट फिरवलं. “नाय येत ना मोजता? मग इंग्रजीला पण नाय येत. झालं, पुढं चला.” मोजता येणारी आणि न येणारी नामं मला त्या वासासकट पाठ झाली. उदाहरणांत त्या आमचीच नावं घालायच्या. दर वर्षी दहावीच्या प्रत्येकाला टीचरांच्या वहीत एक वाक्य मिळायचं, आणि एकदा मिळालेलं वाक्य कधी खोडलं जायचं नाही. सुहासला तीन बोंबील आणि थोडं मीठ मिळालं. मला मिळाला धीर... जो माझ्यात तेव्हा औषधालाही नव्हता. पुढं मी त्यांच्याकडेच शिकवायला लागले, तेव्हा त्या वहीत वीस वर्षांतली सगळी मुलं जमली होती.

जयंत सरांचा क्लास आमच्या खिडकीसमोरच. दहा वर्षांपूर्वी एकदा ते गोड बोलत आले. “टीचर, डोळे किती शिणवता? वही द्या, मी टाईप करून देतो. तुमच्या मुलांनाही होईल, माझ्याही.” टीचरांनी दिली. वही परत आली, पण काही महिन्यांनी त्यांचं गाईड बाजारात आलं, आणि मुखपृष्ठावर नाव एकट्या जयंत सरांचं. टीचर जाब विचारायला गेल्या, मी सोबत होते. ते हसून म्हणाले, “टीचर, व्याकरण काय कुणाच्या मालकीचं असतं?” टीचर परत आल्या, खिडकी लावून घेतली आणि त्यानंतर ती कधी उघडली नाही. एकदा चहा घेताना म्हणाल्या, “माफ करायला पाहिजे गं मला. दर रविवारी चर्चमध्ये बसून प्रयत्न करते. नाय जमत.” मी म्हटलं, नका करू. त्या कप विसळायला उठल्या.

शोकसभा जयंत सरांनी स्वतःच्याच हॉलमध्ये ठेवली. टीचरांच्या फोटोशेजारी गाईड मांडलेलं. भाषणात म्हणाले, “आमच्या पुस्तकाची प्रुफं टीचरांनी मोठ्या प्रेमानं तपासली होती.” मग मी दोन शब्द बोलायला उठले, ते गाईड उचललं आणि नामाचा धडा उघडला. या गृहस्थांनी सगळं जसंच्या तसं छापलं होतं, वाचायचेही कष्ट न घेता. मी वाचलं, “सुहास हॅज थ्री बोंबील्स अँड सम सॉल्ट.” तिसऱ्या रांगेतून टक्कल पडलेला सुहास उभा राहिला. “मीच तो.” पुढचं वाक्य रेश्माच्या बांगड्यांचं. रेश्मा कडेवरच्या लेकीसकट उभी राहिली. मी वाचत गेले, माणसं उठत गेली... चौदा जण उभे होते तेव्हा जयंत सर माईकपाशी आले. “हा निव्वळ योगायोग आहे.” मागून कुणीतरी ओरडलं, “तुम्ही तर कांदा-लसूणपण खात नाय सर, बोंबील कुठनं आणलात?” हॉल हसला. शोकसभेत हसू नये म्हणतात, पण मला त्या हसण्यानं जे समाधान मिळालं ते कुठल्याही श्रद्धांजलीनं मिळालं नसतं. शेवटचं वाक्य माझं होतं, धीराचं. ते मी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं वाचलं.

गाईड अजून विकलं जातंय, त्याच नावानं. टीचरांच्या भावानं मूळ वही मला आणून दिली. भावनांच्या नामांचं पान उघडलं तर लोभापुढं जयंत सरांच्या नावाचं वाक्य लिहिलेलं आणि खोडलेलं. खाली पुन्हा लिहिलेलं, पुन्हा खोडलेलं, दर वेळी वेगळ्या शाईत. कुणाचं वाक्य न खोडणाऱ्या बाईनं एवढं एकच वाक्य नऊ वर्षं खोडलं होतं... बिचारीचे सगळे रविवार त्या पानात गेले. मी ते वाक्य खाली स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिलं. टीचरांचा क्लास आता मी चालवते. संध्याकाळी सहाला पंधरा मुलं ते पान एका सुरात मोठ्यानं म्हणतात, आणि त्या वेळी मी खिडकी सताड उघडी ठेवते.