एका सेकंदात चौदा

दहा वाजून चार सेकंद. स्क्रीनवर लाल पट्टी आली. एकाच पत्त्यावरून, एकाच सेकंदाला, चौदा रिक्वेस्ट!

खोपोलीतल्या एका ट्रस्टच्या मोतीबिंदू शिबिराचं ऑनलाइन बुकिंग मी सांभाळत होतो. टोकन साठ, बुकिंग दहाला सुरू. आधी मोबाइल नंबर टाकायचा, मग आलेला ओटीपी, मग टोकन. आपलं प्रत्येक बटण दाबणं म्हणजे सर्व्हरकडे एक रिक्वेस्ट. खिडकीवरच्या एकट्या कारकुनासारखा तो, फार गर्दी झाली की कोलमडतो. मागच्या शिबिराला कोलमडलाच होता. म्हणून या वेळी मी लिमिट लावलं होतं: एका पत्त्यावरून, म्हणजे एका इंटरनेट जोडणीवरून, मिनिटाला दहाच रिक्वेस्ट.

"बॉट दिसतोय," मी माझ्या वरिष्ठांना, कुलकर्णी सरांना, म्हणालो. बॉट म्हणजे आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्रॅम. माणसं इतकी एकदम बटण दाबत नाहीत.

"मग बघतोस काय? ब्लॉक कर."

केला. पंधरा मिनिटांत टोकनं संपली, सर्व्हर ठणठणीत. मी खूश.

साडेदहाला हेल्पलाइनवर फोन आला. कोंडाणे गावातून, अंगणवाडीच्या सुमनताई.

"सर, आमच्या अख्ख्या गावाला नाय म्हणतंय हो."

"गावाला? म्हणजे किती जण?"

"चौदा."

लाल पट्टीवरचाच आकडा; ब्लॉक मीच केला होता. तरी कुतूहल काही गप्प बसेना. "ताई, सगळ्यांनी एकाच सेकंदाला कसं दाबलं?"

"मी एक, दोन, तीन म्हनले ना! एकदम दाबलं तर एकच तारीख मिळंल, मंजे एकाच टेंपोत सगळी म्हातारी मानसं नेता येतील. आमी शाळेच्या वाय-फायवर बसलोय. इथं नेट तेवढंच हाय."

एका वाय-फायवरची सगळी माणसं सर्व्हरला एकाच पत्त्यावर दिसतात, हे मला पाठ होतं. ती एकत्र बसून मोजून बटण दाबतील, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

"सासूचा एक डोळा गेलाय, सर. दुसऱ्यानं निस्ता उजेड दिसतो. आता काय करू?"

मला स्वतःचीच लाज वाटली. "ताई, तुम्हाला मशीन समजून मीच अडवलं," मी कबूल केलं. सर म्हणाले, "टोकनं संपली, आपण काय करणार?" पण सर्व्हर हाकललेल्यांचीही नोंद ठेवतो. त्या नोंदीला लॉग म्हणतात. त्याची प्रिंट घेऊन मी ट्रस्टच्या डॉक्टरांकडे गेलो.

"हे चौथ्या सेकंदाला आले होते?"

"हो. मीच हाकललं."

डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि ऑपरेशनसाठी सोमवारी एक जादा सकाळ दिली. चौदा जण, एक टेंपो.

मी लिमिट पत्त्याऐवजी मोबाइल नंबरवर लावलं. फॉर्ममध्ये 'एकत्र येणार' असा रकानाही टाकला.

मंगळवारी डोळ्यांवरची पट्टी काढताना मी मुद्दाम गेलो. सुमनताईंच्या सासूबाईंनी मला खालून वर न्याहाळलं.

"ह्योच का गं, आपल्याला मशीन म्हननारा?"

"होय, आत्या."

"फोन तरी करायचास रं. नंबर टाकले व्हते ना आमी?"

टाकले होते. चौदाही नंबर माझ्या स्क्रीनवर होते. आता कुणालाही ब्लॉक करण्याआधी मी आलेल्या नंबरांपैकी एक लावून बघतो.